रणगाड्यांचा सेनापती आणि पळसाची पानं

१९८४च्या मे महिन्यात आई आणि अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आले, तेव्हा आईच्या बॅगेत पळसाच्या पत्रावळींचा एक गठ्ठा होता. न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं तो उलटासुलटा करून पाहिला, हुंगला, आणि हे काय आहे म्हणून विचारलं. अण्णांनी "प्लेट्स" एवढंच सांगितलं. माणूस भला असावा, त्यानं गठ्ठा परत बॅगेत ठेवला. घरी सामान काढताना माझ्या बायकोनं हसून सांगितलं की आई, इथे कागदाच्या प्लेट्स ढिगानं मिळतात, एवढं ओझं कशाला आणलंत? आईनं गठ्ठा जुन्या साडीत गुंडाळला आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला.

तो कशासाठी आहे हे मला बघताक्षणीच कळलं होतं. अण्णांनाही कळलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

माझा थोरला भाऊ सैन्यात रणगाडा दलात होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर त्याचा रणगाडा पेटला. आतली दोन माणसं सापडली, दादा सापडला नाही. तो बेपत्ता आहे, असं आम्हाला कळवण्यात आलं. पुढे काही महिन्यांनी, तो मृत समजण्यात येत आहे, असं कळवण्यात आलं. या 'समजण्यात येत आहे'वर आमचं घर बारा वर्षं राहिलं. लढाईनंतर युद्धकैदी परत आले तेव्हा अण्णा सरहद्दीपर्यंत जाऊन आले. नंतर दिल्लीला जाऊन बसले. कुणी म्हणालं, अमुक तुरुंगात एक मराठी बोलणारा माणूस आहे, की अण्णा निघाले. सांगलीच्या हायस्कुलात त्यांनी उभी हयात इतिहास शिकवला. पुराव्याशिवाय बोलू नये हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं, आणि तेच आता ऐकीव गोष्टींमागे धावत होते.

बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला गेला असं धरतात आणि त्याचे अंत्यविधी करतात. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचा आणि देठांचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. त्याला पालाशविधी म्हणतात. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात बारा वर्षं भरली, आणि आईनं विषय काढला. अण्णांनी साफ नकार दिला. सांगलीत भाऊबंदांनी समजावून पाहिलं, गुरुजी घरी येऊन गेले. अण्णा उठून फिरायला गेले.

आईचं म्हणणं फार साधं होतं. पितृपंधरवड्यात ती सासूसासऱ्यांची पानं वाढायची, तेव्हा दादाचं पान वाढावं की नाही हे तिला कळत नसे. त्याच्या वाढदिवसाला ती पुरण घालायची आणि दिवा लावायला गेली की हात थांबायचा, की हा कुठला दिवा? ती अण्णांना म्हणायची, "त्याला कुठल्या पंगतीत बसवू, तेवढं तरी सांगा." अण्णांकडे होता एक रशियन सेनापती.

हा सेनापती आमच्या घरात कधी शिरला ते मला नेमकं आठवत नाही. त्या काळी सोव्हिएत पुस्तकं आपल्याकडे भाजीच्या भावात मिळत, जाड कागदाची, पक्क्या बांधणीची. दादा गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत अण्णांनी कुठल्याशा प्रदर्शनातून रशियाच्या रणगाडा सेनांवरचं एक पुस्तक आणलं आणि त्यात त्यांना हा माणूस सापडला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो लष्करी विद्यालयात शिकवत होता, म्हणजे अण्णांसारखा मास्तरच. वय झालेलं, तब्येत तोळामासा, जेवणाची पथ्यं. मला आघाडीवर पाठवा म्हणून तो वरच्यांच्या मागे लागला होता. बेचाळीस साली खार्कोव्ह शहराजवळच्या लढाईत त्याचा मुलगा बेपत्ता झाला. मुलगाही रणगाड्यातच होता. त्याच वर्षी बापाच्या हाती एक आख्खी रणगाडा सेना आली, आणि पुढच्या हिवाळ्यात तो ती घेऊन खार्कोव्हवरच चालून गेला.

अण्णा ही कहाणी सांगायला लागले की थांबत नसत. खार्कोव्ह घेतलं, महिन्याभरात ते हातचं गेलं, सेना जवळजवळ संपली. पुन्हा उभी केली. नीपर नदी ओलांडली, पलीकडे नदीच्या वळणात अडकून पडला, तेव्हा त्यानं रातोरात सगळी सेना मागे काढली आणि शत्रूला कळू नये म्हणून जागेवर लाकडामातीचे खोटे रणगाडे ठेवून दिले. जर्मन विमानं त्या लाकडांवर बॉम्ब टाकत बसली आणि हा वरच्या अंगानं कीएव्हवर उतरला, दिवे लावून, भोंगे वाजवत. मग ल्वोव्ह, मग पोलंड, मग बर्लिन. बर्लिन पडल्यावरही थांबला नाही, डोंगर ओलांडून प्रागला गेला. आणि या सगळ्यात, अण्णा म्हणत, प्रत्येक गाव घेतलं की तो गडी आधी खाली उतरायचा आणि लोकांना विचारायचा, माझा मुलगा कुणी पाहिलाय का?

खरं सांगतो, मला या सेनापतीचा राग यायचा. आमच्या घरात दादाबद्दल कुणी बोलत नसे, पण या परक्या माणसाबद्दल रोज बोलणं व्हायचं. मी अमेरिकेला निघालो त्या दिवशीसुद्धा बॅगा दारात असताना अण्णा शेजाऱ्यांना नीपर समजावून सांगत होते. जिवंत मुलगा विमानात बसायला निघालाय, इकडे बघा, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं होतं.

ट्रॉयला आल्यावर हे कमी होईल अशी माझी समजूत होती. झालं उलटंच. मी एका मोटार कंपनीत नोकरीला होतो, बायको बँकेत जायची, आणि जवळच मोठी लायब्ररी होती. आठवड्याभरात अण्णांनी तिथलं रशियन आघाडीचं कपाट शोधून काढलं. मी संध्याकाळी घरी येई तेव्हा बेसमेंटच्या गालिच्यावर कपडे वाळत घालायची दोरी नागमोडी पसरलेली असे. ती नीपर. माझ्या पाच वर्षांच्या मुलीचे खडू म्हणजे रणगाडे. लाल आपले, निळे जर्मन. मुलगी इंग्रजीत प्रश्न विचारायची, अण्णा मराठीत उत्तरं द्यायचे आणि दोघांचं छान चालायचं. वॉशिंग मशीन तिथेच असल्यामुळे आई धुण्याची टोपली घेऊन दिवसातून दोनदा नीपर ओलांडायची. खाली न बघता ओलांडायची, पण दोरीवर तिचा पाय कधी पडला नाही.

जूनमध्ये एकदा दोघांचं वाजलं. आईनं सकाळी चहाच्या वेळी पुन्हा विषय काढला. इथे कुणी भाऊबंद नाहीत, विचारणारं कुणी नाही, धाकटा जवळ आहे, इथेच उरकून टाकू, असं तिचं म्हणणं. अण्णांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "त्यानं खोटे रणगाडे ठेवले ते शत्रूला फसवायला. तू खोटा देह करायला सांगतेस. आपण कुणाला फसवायचं?"

आई म्हणाली, "मला फसवा. मी तयार आहे."

अण्णा बेसमेंटमध्ये उतरून गेले. मी ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघालो आणि गाडीत मला रडू आलं. आई कधी असं मागत नसे. तिला मुलगा परत नको होता, तेवढा हट्ट तिनं केव्हाच सोडला होता. तिला त्याला ठेवायला एक जागा हवी होती.

आमच्याकडे त्या वेळी महाराष्ट्र मंडळाची एक पद्धत होती. उन्हाळ्यात प्रत्येकाचे आईवडील भारतातून यायचे, आणि त्यांना इथे करमत नाही म्हणून मंडळ त्यांना पकडून कार्यक्रम करायला लावायचं. कुणाची आई भजनं म्हणायची, कुणाचे वडील दासबोधावर बोलायचे. जुलैत अण्णांची पाळी आली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्याहून आधी आलेले एक डॉक्टर काका. विषय ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मला फोन करून म्हणाले, अरे यार, इथून दहा मैलांवर अमेरिकेच्या रणगाड्यांचा कारखाना आहे, आपली तीन पोरं डिफेन्सच्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत, आणि तुझे वडील रशियन जनरलचं कौतुक करणार? त्यांना महाराजांवर बोलायला सांग की. मी अण्णांना निरोप दिला. अण्णा म्हणाले, महाराजांवर बोलणारे पुष्कळ आहेत.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. बसायला मुलांची बुटकी गोल स्टुलं, भिंतीवर दूध पिण्याचे फायदे सांगणारी चित्रं. मागच्या बाजूला पोरं धावत होती, बायका सामोसे मांडत होत्या. अण्णा कोट घालून उभे राहिले. त्यांनी नकाशा आणला नव्हता, लागतच नव्हता. वर्गात शिकवत तसे हात मागे बांधून त्यांनी सुरुवात केली आणि पाच-दहा मिनिटांत मागचा गोंधळ कमी झाला. अण्णा शिक्षक म्हणून फार चांगले होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मास्तर सेनापती झाला, मुलगा हरवला, नीपर, लाकडी रणगाडे, भोंगे. ज्या काकांनी फोन केला होता तेही सामोसा हातात धरून ऐकत राहिले.

आई तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोच्या शेजारी बसली होती. इतक्या वर्षांत तिनं ही गोष्ट अख्खी बसून कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या खोलीतून, स्वयंपाकघरातून, जाता येता ऐकली असेल तेवढीच. त्या दिवशी ती मांडीवर पर्स घेऊन सरळ बसून ऐकत होती.

अण्णा प्रागपर्यंत पोचले. मग दरवेळी सांगत तसं त्यांनी शेवटी सांगितलं, की सगळीकडे तो सेनापती मुलाची चौकशी करत राहिला, आशा सोडली नाही. युद्ध संपल्यावर तीनचार वर्षांत तो वारला. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही प्रश्न?

आईनं हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, कोपरात वाकवून. लोकांना गंमत वाटली, कुणी तरी हसलंही. आईनं विचारलं, "त्या मुलाच्या आईचं काय झालं?"

अण्णा गोंधळले. म्हणाले, "पुस्तकात नाही दिलेलं."

आई म्हणाली, "मग घाला की. तो गावोगाव विचारत फिरायचा, ते तरी कुठं पुस्तकात आहे?"

मला ते माहीत नव्हतं. मी ती पुस्तकं उघडलीच नव्हती कधी. आईला इंग्रजी जेमतेम यायचं, पण सांगलीचं ते पुस्तक मराठी भाषांतर होतं, आणि ते तिनं केव्हा तरी वाचून काढलं होतं, अण्णा शाळेत गेल्यावर किंवा दिल्लीला गेल्यावर. मुलाबद्दल त्यात एकच ओळ होती, की तो खार्कोव्हजवळ बेपत्ता झाला. बाकीचं सगळं अण्णांचं होतं. सरहद्दीवर जाऊन विचारणारा, तुरुंगाच्या फाटकांशी उभा राहणारा माणूस कोण होता ते आईला आधीपासून ठाऊक होतं. इतकी वर्षं ऐकून तिनं चकार शब्द काढला नव्हता.

अण्णांनी मागे बांधलेले हात सोडले. लोक वाट बघत होते, कारण त्यांना वाटलं की मास्तर आठवताहेत. मग अण्णा आईकडे बघून म्हणाले, "ती दमली."

एवढंच बोलून ते खाली बसले. लोकांना काही कळलं नाही. पुन्हा थोड्या टाळ्या झाल्या आणि सगळे सामोशांकडे वळले. एक काकू मला येऊन सांगून गेल्या की तुझ्या आईला हिस्टरीची किती आवड आहे, सो नाइस. मी हो म्हटलं.

घराच्या ड्राइव्हवेवर गाडी थांबवली तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला. इथे हे करणारे कुणी गुरुजी आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

गुरुजी होते, म्हणजे एका मोटार कंपनीच्या रंगांच्या लॅबमध्ये काम करणारे केमिस्ट होते. शनिवार-रविवारी ते सत्यनारायण आणि वास्तुशांत सांगत. पालाशविधीचं नाव काढल्यावर आपण हा कधी केला नाही, पाहिलाही नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग वाईला आपल्या वडिलांना फोन लावून सगळं विचारून घेतलं, मंत्रांची कॅसेट मागवली आणि तीन आठवडे ऑफिसला ड्राइव्ह करताना गाडीत ती ऐकली. पत्रावळींच्या पानांचे देठ खुडलेले होते. ते म्हणाले, पानं पळसाचीच आहेत ना, मग झालं.

राहिला प्रश्न अग्नीचा. नदीकाठ नाही, स्मशान नाही. पार्कमध्ये असं काही जाळलं तर पोलीस आले असते. आमच्या मागच्या अंगणात कबाब भाजायची एक जुनी ग्रिल होती, तिच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटली. मी आणि अण्णा हार्डवेअरच्या दुकानात नवी ग्रिल आणायला गेलो. विकणारा तरुण हसतमुख होता. त्यानं विचारलं, साधारण किती माणसांसाठी हवी? मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "एकाच. पण उंच होता." मी त्या मुलाला काय सांगितलं ते आता आठवत नाही. आम्ही सगळ्यांत मोठी घेतली.

ऑगस्टमधला रविवार होता, सकाळची वेळ. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, की आमचा एक धार्मिक विधी आहे, धूर होईल. तो गवत कापत होता. आम्ही बाहेर आलो तसं त्यानं मशीन बंद केलं आणि तो आत निघून गेला. दिवसभर त्यानं ते परत सुरू केलं नाही. त्याच्या अर्ध्या कापलेल्या लॉनबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

गुरुजींनी पाटावर पानं मांडायला सुरुवात केली. हे हात, हे पाय, ही छाती. अण्णा एकेक पान पुढे करत होते. पानं दोऱ्यानं बांधली, वर नारळ ठेवला. बायकांनी तिथे थांबायचं नसतं असं गुरुजी चाचरत म्हणाले, आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती थांबली. माझी बायको मुलीला घेऊन आत गेली. तो पानांचा माणूस फार लहान दिसत होता. दादा सहा फूट होता, बालेकिल्ल्याच्या दारासारखा. मला एकदम त्याचा हसण्याचा आवाज आठवला, आणि तो आवाज मी बारा वर्षांत एकदाही आठवला नव्हता. मला तिथेच ओक्साबोक्शी रडू आलं.

मग मी आणि अण्णांनी त्या माणसाला उचलून ग्रिलवर ठेवलं. मी अण्णांच्या हातात पेटतं लाकूड दिलं. गुरुजी मंत्र म्हणू लागले, घाईघाईनं, कॅसेटच्या चालीवर. अण्णा पुढे झाले आणि आईनं त्यांचं मनगट पकडलं.

तिनं घट्ट पकडलं होतं. डिसेंबरपासून हेच मागणारी माझी आई, सातासमुद्रापलीकडे पानांचं ओझं वाहून आणणारी, आणि ऐन वेळी तिचा हात सुटेना. गुरुजी मंत्र थांबवून माझ्याकडे बघायला लागले. लाकडाची आग अण्णांच्या बोटांकडे सरकत होती.

आई म्हणाली, "उशिरा आला तर?"

अण्णांनी हात सोडवून घेतला नाही. ते तिला अगदी हळू, वर्गातल्या रडणाऱ्या पोराला समजवावं तसं म्हणाले, "आला तर मी सांगेन त्याला. माझ्या हातानं केलं, तुझी आई नको म्हणत होती."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मनगट सोडलं.